सुवालीचा तांडेल

सुवालीची लढाई मी आजवर किती वेळा लढलो असेन, ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. सुरतेजवळचा किनारा, सोळाशे बारा साल. इंग्रजांची दोन जहाजं, समोर पोर्तुगीजांची चार मोठी जहाजं आणि सोबत लहान होड्यांचा ताफा. पोर्तुगीजांची काही जहाजं उथळ पाण्यात वाळूला लागली, इंग्रज निसटले आणि तोफा डागत राहिले. समुद्रावर आता पोर्तुगीजांखेरीज आणखीही कोणी आहे हे मोगलांना कळलं आणि सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली. फळ्यावर डावीकडून निळा बाण, उजवीकडून लाल बाण. चाळीस मिनिटांत लढाई संपते, मग मी डस्टर मारतो आणि पुढच्या लढाईकडे वळतो.

दादरला फुलबाजारापासून पाच मिनिटांवर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. तिथे मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवतो आहे. सकाळी सातची बॅच, सव्वाशे मुलंमुली. कोणी लालबागहून चालत येतं, कोणी पनवेलहून पहाटे निघतं. माझा गुडघा आता जिन्यावर कुरकुरतो आणि घसा साडेआठलाच बसतो, पण खरं दमवतं ते वेगळंच. तेच वाक्य, त्याच जागी तोच विनोद, आणि तोच हशा. कधी कधी वाटतं, मी मधेच खाली बसलो तरी माझा आवाज आपला पुढे चालू राहील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मी लोअर परळच्या चाळीत वाढलो. वडील मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मिल बंद पडली, पण ते अखेरपर्यंत ‘माझं खातं’ असंच म्हणत राहिले. आमच्या चाळीत खायला कमी पडायचं, वाचायला नाही. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की पोस्टात नोकरी करणारे एक काका आम्हा पोरांना पुस्तक वाचून दाखवत आणि मधेच थांबून विचारत, हे खरं कशावरून? पुस्तकात आहे म्हणून, असं कोणी म्हटलं की ते नकारार्थी मान हलवत. मोठी माणसं सांगतात म्हणून, असं म्हटलं तर आणखी जोरात हलवत. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, हे मला वयाच्या नवव्या वर्षी कळलेलं होतं. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझं अज्ञान होतं, असं म्हणायची मला सोय नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, लाईट गेलेली, पोरं वहीनं वारा घेत बसलेली. मी सुवालीवर होतो. निळा बाण काढून झाला होता, लाल काढत होतो. मागच्या बाकावरून कोणीतरी जांभई देत विचारलं, “सर, ह्या लढाईत आपलं कोण?”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. प्रश्न वर्मी लागला होता. किनारा आपला, पाणी आपलं, ज्या कापडाच्या व्यापारासाठी हे दोघं एकमेकांच्या उरावर बसले होते ते कापडही आपलं. आणि फळ्यावर दोन बाण, दोन्ही परक्यांचे. माझ्या बापानं तीस वर्षं कापड विणलं, त्याचं नाव कुठल्या ताग्यावर नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, “एक म्हातारा तांडेल होता.”

तांडेल म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, पाण्यातली वाट जाणणारा माणूस. हा तांडेल मी त्याच क्षणी घडवला. किनाऱ्यावरच्या गावातला, एका पायानं लंगडा, डोक्याला मळकं मुंडासं. इंग्रजांनी त्याला बोलावून घेतलं. त्यानं शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून तळ पाहिला आणि बोटानं दाखवलं, इथून जा, तिकडे जाऊ नका. त्याच्या बोटावर लढाई फिरली. गोष्ट खरी वाटावी म्हणून मी तिथीही घातली. म्हणालो, त्या दिवशी अष्टमी होती, समुद्राला मोठं उधाण होतं, आणि उधाणानंतरची ओहोटी कशी झपाट्यानं उतरते ते एकट्या तांडेलाला ठाऊक होतं. पोरांचे वारा घेणारे हात थांबले. सगळे लिहू लागले.

खोटं बोलल्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही. उलट बऱ्याच महिन्यांनी जिना उतरताना गुडघा दुखला नाही. पुढच्या वर्षी मी तांडेलाला एक वाक्य बोलायला दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याचा मुलगा पोर्तुगीजांनी पकडून नेलेला होता, असं पदरचं घातलं. माझ्या कंटाळ्यावर तेवढंच एक औषध होतं. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या नोट्स मिळतात, त्यातही तांडेल चौकटीत जाऊन बसला. मी मनाशी म्हणायचो, काय बिघडतं? परीक्षेत चार पर्याय असतात. साल विचारतात, ठिकाण विचारतात, कोण जिंकलं ते विचारतात. तांडेल कोणी विचारत नाही.

ती मुलगी तीन वर्षांपूर्वी वर्गात आली. काळाचौकीच्या चाळीत राहणारी, घराणं रत्नागिरीकडच्या दर्यावर्दी खारव्यांचं. वडील गोदीत टगबोटीवर खलाशी होते, तेव्हा नुकते निवृत्त झाले होते. आजोबांचा जन्म शिडाच्या मचव्यावर गेलेला. ती पुढच्या बाकावर कडेला बसायची आणि बोटं दुखेपर्यंत लिहायची. सुवाली झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन घुटमळली. म्हणाली, वडिलांना काल गोष्ट सांगितली, त्यांना फार आवडली, पण ते म्हणतात अष्टमीला उधाण नसतं. अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही. उधाण पुनवेला आणि अवसेला. त्यांच्याकडे तिथीवरून भरतीची वेळ सांगतात, शेंबडं पोरसुद्धा सांगतं.

मी आयुष्यात दोनदा होडीत बसलो आहे, दोन्ही वेळा घारापुरीला जाताना, आणि दोन्ही वेळा ओकलो आहे. समुद्राबद्दल मी सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. माझे कान तापले. मी म्हणालो, असेल, माझ्या लक्षात चुकीचं राहिलं असेल. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. सरांची चूक काढावी लागली याचंच तिला ओझं झालं होतं. “मग मी पुनव लिहू?” तिनं विचारलं. मी म्हटलं, लिही. तिनं तिथल्या तिथे अष्टमी खोडून वर बारीक अक्षरात पुनव लिहिलं. सरांची तिथी चुकली, एवढंच तिच्या मनात आलं. माणूसच मुळात नसेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

पुढे ती अधूनमधून घरचं सांगायची. वडील आता चाळीच्या गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तांडेलाची गोष्ट सांगतात. गणपतीत गावी गेले तर तिथेही सांगून आले. मी ऐकून हसायचो. मग विषय बदलून तिच्या सराव परीक्षेचे गुण विचारायचो.

लेखी परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. मुलाखतीच्या अर्जात आवडीचा विषय लिहावा लागतो. बाकीची मुलं वाचन आणि ट्रेकिंग लिहितात. तिनं लिहिलं, किनाऱ्यावरच्या लढायांचा इतिहास. मुलाखतीत समोरच्यांनी विचारलं, मग एखादी लढाई सांगा. तिनं सुवाली सांगितली, तांडेलासकट. मधे बसलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, हा माणूस कुठल्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, आमच्या सरांनी शिकवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, सरांनी कुठे वाचलं? त्यानंतर ती अडखळत गेली ती गेलीच. अंतिम यादीत तिचं नाव थोडक्यात राहून गेलं. कुठल्या उत्तराला किती गुण गेले हे कोणाला कळत नाही, तेव्हा माझ्यामुळेच गेलं असं ठामपणे म्हणता येणार नाही. मी वर्षभर स्वतःला तेच सांगत होतो.

यादी लागल्यावर ती क्लासच्या जिन्यावर भेटली. डोळे सुजलेले होते. माझ्यावर राग वगैरे काही नव्हता, उलट स्वतःवरच चिडली होती. म्हणाली, चूक माझी आहे, संदर्भ विचारून घ्यायला हवा होता. तुम्ही पुस्तकाचं नाव द्या, पुढच्या वेळी सांगीन. मी म्हणालो, घरी असेल, शोधून देतो.

पुढच्या वर्षी ती पुन्हा लेखी पास झाली. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती, आणि मुलाखतीला दोन महिने होते. अर्जात तिनं तोच विषय ठेवला. दर वर्षी आवड बदलली तर गेल्या वर्षीची कुठे गेली असं विचारतील, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. मी स्टाफरूममध्ये चहा घेत होतो, क्लासचे मालक आणि भूगोलाचे सर शेजारी बसले होते, तेव्हा ती दारात आली आणि म्हणाली, सर, ते पुस्तक. दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी कप खाली न ठेवता म्हणालो, “इंग्रजांच्या कंपनीच्या जुन्या पत्रव्यवहारात आहे. बघ जरा.”

पहिलं खोटं मी सगळ्या वर्गाला हौसेनं सांगितलं होतं. हे दुसरं मी एकटीला सांगितलं, दोन माणसांसमोर माझी अब्रू राहावी म्हणून.

ती शोधायला लागली. काळाचौकीहून बस पकडून रोज फोर्टातल्या एका जुन्या ग्रंथालयात जायची. तिथे चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले जाडजूड खंड, ती डिक्शनरी घेऊन बसायची. तिच्या बरोबरीची मुलं या दिवसांत पेपर वाचतात, आरशासमोर बोलायची सवय करतात, सराव मुलाखती देतात. ही मेलेल्या कप्तानांची पत्रं वाचत होती. एक दिवसाआड क्लासवर येऊन मला सांगायची, आज हा खंड झाला, उद्या तो घेते. आणि मी म्हणायचो, बघ अजून. हे दोन शब्द मी किती सहज म्हणत होतो, ते आठवलं की आजही मला माझी शिसारी येते.

मला सांगता का आलं नाही? मी पुष्कळ विचार केला आहे. सत्तावीस वर्षांत माझ्याकडे उरलं होतं काय, तर सर हा शब्द. चाळ पाडून उभ्या केलेल्या इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं, पण शेजारी कोण ते माहीत नाही. ज्या मिलमध्ये वडील राबले तिथे काचेची ऑफिसं आहेत, आणि गेटवर वॉचमन मला विचारतो, कुठे जायचंय. दादरच्या त्या जिन्यावर मात्र पोरं बाजूला होऊन वाट देतात. ती वाट मला सोडवत नव्हती. शिवाय मी थकलो होतो. थकलेल्या माणसाला आजचं उद्यावर ढकलता आलं की तेवढंच सुख वाटतं.

बायकोनं ओळखलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, चौथीच्या पोरांचे चेहरे वाचण्यात तिचं आयुष्य गेलं, माझा तर ती केव्हाच पाठ करून बसली आहे. रविवारी दुपारी जेवताना मी ताटात नुसता भात चिवडत होतो. तिनं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं चिडेल. ती आमटी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “गोष्ट सांगितलीत ते मी समजू शकते. मीही पोरांना ससा बोलतो म्हणून सांगायचे. पण अहो, ही पोर तो ससा शोधायला रोज फोर्टात जातेय.”

मी म्हणालो, मुलाखत झाली की सांगेन, आता सांगितलं तर तिचा धीर सुटेल. बायको म्हणाली, धीर कोणाचा सुटेल ते मला दिसतंय, आणि आमटी वाढून उठून गेली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, सकाळची बॅच सुटलेली आणि संध्याकाळची यायची होती, तेव्हा ती आली. रिकाम्या वर्गात माझ्यासमोर बसली आणि तिनं दोनशे पानी वही उघडली. वही भरली होती. कुठल्या दिवशी कोणी नांगर टाकला, कुठे पाणी भरलं, कोण तापानं मेलं, तोफा किती वेळ चालल्या. प्रत्येक नोंदीपुढे खंड आणि पान. माझ्या सत्तावीस वर्षांत मी सुवालीबद्दल जेवढं वाचलं नव्हतं तेवढं तिनं दीड महिन्यात वाचलं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हणाली, तांडेलाचं काही नाही, सर. मग पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. किनाऱ्यावरून कोणीतरी होडी घेऊन जहाजापाशी आला, एवढाच उल्लेख तिथे तिला सापडला होता. नाव नाही, गाव नाही, पुढे काही नाही.

“हाच असेल ना, सर?”

मला हो म्हणता आलं असतं. तिनंच पुरावा आणून माझ्या हातात ठेवला होता. मी ते बोट बघत होतो, त्याला शाई लागली होती.

“नाही गं,” मी म्हणालो. “तो नाही. तो कुठेच नाही. तो मी रचला.”

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. रचला म्हणजे, असं तिनं विचारलं. मग मी सगळं सांगितलं. एप्रिलचा तो दिवस, तो प्रश्न, माझे वडील, ताग्यावर नसलेलं नाव. लाज वाटली की माणूस फार बोलतो, तसा मी बोलत सुटलो. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. वही मिटून मांडीवर घेतली.

“रचलात ते कळलं, सर,” ती म्हणाली. “मलाही तो त्यासाठीच आवडला होता. पण तुम्ही मला शोधू दिलंत. मी येऊन सांगत होते तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, बघ अजून.”

मुलाखतीला नऊ दिवस उरले होते. मी म्हणालो, रोज ये, दोन तास बसू, सराव घेतो. ती नको म्हणाली. मी म्हणालो, तिथे विचारलं तर सरळ सांग की सर खोटं बोलले. त्यावर ती थकल्यासारखं हसली. म्हणाली, तिथे बसून आपल्या सरांना खोटं ठरवलं की आपणच हलके दिसतो, माझं मी बघते. चप्पल घालताना तिचा तोल गेला, मी हात पुढे केला, पण तिनं दाराची चौकट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी वर्गात सांगितलं, सुवालीच्या नोट्समधली चौकट खोडा. तो माणूस खरा नाही, मी बनवलेला आहे. आधी कोणाला खरंच वाटलं नाही, त्यांना वाटलं सर गंमत करताहेत. मग खोडण्याचे आवाज आले. एका मुलीनं विचारलं, मग त्यांना वाट कोणी दाखवली? मी म्हणालो, माहीत नाही. कोणी दाखवली असेल, नसेल, मला सापडलेलं नाही. मग आम्ही काय लिहायचं, सर? तेच लिहा, मी म्हणालो. दोन-चार पोरं आपसात काहीतरी बोलली, आणि त्या दिवशी जिना उतरताना बाजूला कोणी झालं नाही, किंवा मला तसं वाटलं. खाली झेरॉक्सवाल्याला जुन्या नोट्स फेकून द्यायला सांगितल्या. तो म्हणाला, सर, पोरं तांडेलवालीच मागतात. मी गठ्ठा उचलला आणि घरी नेला.

तिची निवड झाली. मला ते यादीवरून कळलं, तिनं कळवलं नव्हतं. यादी मोबाईलवर वर सरकवत खाली सरकवत मी तिचं नाव तीनदा वाचलं, आणि एकोणिसाव्या मजल्यावर एकटाच रडलो. आठवड्यानं हिंमत करून फोन लावला. आवाज नेहमीसारखा, आदबीचा. मी मुलाखतीचं विचारलं. म्हणाली, लढाईचं विचारलं त्यांनी. मी सांगितलं की एक गोष्ट मी खरी समजत होते, तिचा पुरावा शोधला आणि मिळाला नाही. मग त्यांनी विचारलं, कुठे कुठे शोधलंस. पुढे सगळा वेळ त्यावरच बोलणं झालं.

माझ्या जिवाला एकदम हलकं वाटलं. तिला ते फोनवरूनही कळलं असावं.

“म्हणून तुम्ही बरं केलंत असं नाही, सर,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबांना मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही येऊन सांगा.”

मी शनिवारी सकाळी काळाचौकीला गेलो. तीन मजले चढायला मला दहा मिनिटं लागली. ती ट्रेनिंगच्या कागदपत्रांसाठी बाहेर गेलेली, घरी आईवडील दोघंच. वडील उंच, वाकलेले, हाताची बोटं दोर ओढून ओढून जाड झालेली. सर आले म्हणताच ते गॅलरीतून धावत आले आणि मला मिठी मारली. शेजारच्या दोघांना हाका मारून सांगितलं, हे आमच्या पोरीचे सर. खुर्ची पुसून बसायला दिली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच तांडेलाची गोष्ट सुरू केली, मला आणि शेजाऱ्यांना मिळून. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगत होते. दोरी पाण्यात कशी सोडायची, तळाला वाळू आहे की चिखल हे ती वर ओढल्यावर कसं ओळखायचं, ते सगळं त्यांनी हातांनी करून दाखवलं. मी त्यांना थांबवलं नाही. शेजारी उठून जाईपर्यंत थांबलो आणि मग सांगितलं.

त्यांना पटायला वेळ लागला. दोनदा विचारलं, म्हणजे कोण नव्हताच? मी म्हणालो, असेलही, पण लिहिलेलं काही नाही. जे सांगितलं ते माझ्या मनचं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आतून त्यांची बायको चहा घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून कप ठेवून परत गेली.

“बत्तीस वर्षं बोटीवर काढली, सर,” ते म्हणाले. “आमचं काम कोणी लिवून ठेवलंय, असं मी पयल्यांदा ऐकलं होतं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, चहा घ्या म्हणाले, पोरीचं चांगलं झालं म्हणाले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. तांडेलाचं नाव पुन्हा निघालं नाही. मी उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि त्यांनी लांबूनच हात जोडले.